एकाच तारेवर

पेटी वाजवणाऱ्याला सांगायचे तर तो स्वर मधल्या सप्तकातल्या पांढरी तीनच्या तीन सप्तके वर लागतो, आणि तोही किंचित उतरलेला. सेकंदाला २,६०० कंपने. शिट्टीसारखा तीक्ष्ण, फार वेळ ऐकवणार नाही असा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची काही दशके अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर या एका स्वराची हुकमत होती. ‘ही तार मोकळी आहे’ हे एका शहरातले एक्स्चेंज दुसऱ्या शहरातल्या एक्स्चेंजला याच स्वराने कळवत असे. तार कोणी वापरायला घेतली की स्वर थांबे, बोलणाऱ्याने फोन ठेवला की पुन्हा सुरू होई. माणसांचे बोलणे ज्या तारेवरून जाई, तिच्यावरूनच हा स्वरही जाई. तो कोणी काढला, हे मात्र पलीकडच्या यंत्राला समजत नसे.

अलीबाबाच्या गोष्टीतली गुहा ‘तिळा, तिळा, दार उघड’ हे शब्द ऐकून उघडे. शब्द कोणाच्या तोंडून आले हे ती पाहत नसे. झाडावर लपलेल्या माणसाने ते ऐकले आणि गुहा त्यालाही उघडली. टेलिफोनच्या जाळ्याची गोष्ट याच वळणाची आहे. फरक इतकाच की इथे झाडावर बसून ऐकणारे पुष्कळ होते, आणि पुढे त्यांच्यापैकी काहींच्या हाती घरगुती संगणक आला.

त्या संगणकांसाठी लिहिलेले छोटे छोटे प्रोग्रॅम हा या पुस्तकाचा विषय आहे. टेलिफोनचे गुप्त स्वर काढणारे, रात्रभर एकामागून एक नंबर लावत राहणारे, पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखू पाहणारे प्रोग्रॅम. त्यांतले कित्येक बेकायदा कामासाठीच लिहिले गेले. बहुतेकांच्या कर्त्यांनी स्वतःचे खरे नाव लावले नाही. संगणकाच्या औपचारिक इतिहासात त्यांना एखाद्या तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. तरीही आपल्या जगण्याला वेढून असलेल्या जाळ्यांविषयी एक मूलभूत गोष्ट या प्रोग्रॅमांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिली, अशी माझी खात्री आहे. बोलणे आणि हुकूम एकाच तारेवरून जाऊ लागले, की आज ना उद्या बोलणारा हुकूम देऊ लागतो. पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याभोवती फिरतात.

ही रचना मुळात का केली गेली, हे समजून घेतले पाहिजे, कारण ती करणारे इंजिनीअर मूर्ख नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लांब पल्ल्याचे कॉल ऑपरेटरच्या मदतीशिवाय लागावेत, यासाठी बेल सिस्टीम या तिथल्या टेलिफोन कंपनीने देशभर नवी यंत्रणा उभारायला घेतली. एक्स्चेंजांनी आपसांत निरोप द्यायचे तर त्यासाठी वेगळ्या वाहिन्या हव्यात. हजारो मैलांच्या जाळ्यात तो खर्च अवाढव्य झाला असता. बोलण्याची वाहिनी तर होतीच, आणि कॉल जोडला जाण्यापूर्वी ती मोकळीच असे. तेव्हा निरोपही तिच्यावरूनच पाठवायचे ठरले. तार मोकळी असल्याचे सांगायला २,६०० हर्ट्झचा स्वर. नंबर पाठवायला ७००, ९००, १,१००, १,३००, १,५०० आणि १,७०० हर्ट्झ असे सहा स्वर, एका वेळी दोन. सहांतून दोन निवडण्याचे पंधरा प्रकार होतात. दहा आकड्यांना दहा जोड्या, ‘नंबर सुरू’ आणि ‘नंबर संपला’ यांना आणखी दोन. हिशेब नेटका होता आणि काटकसरीचाही. सामान्य ग्राहकाकडे असे स्वर काढण्याचे साधन असणारच नाही, या एका गृहीतकावर तो उभा होता.

कंपनीने ही माहिती लपवलीही नाही. नोव्हेंबर १९५४ आणि नोव्हेंबर १९६० च्या ‘बेल सिस्टीम टेक्निकल जर्नल’च्या अंकांत तिच्या इंजिनीअरांनी या संकेतपद्धतीचे तपशील अभिमानाने मांडले. ते अंक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कोणालाही वाचायला मिळत. आपण केलेले चांगले काम समव्यावसायिकांपुढे ठेवण्याची ती रीत होती, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. चूक छापण्यात नव्हती. ज्या कुलपाची किल्ली म्हणजे नुसता एक आवाज, ते कुलूप देशभर लावण्यात होती.

त्या कुलपापर्यंत काही जण ग्रंथालयातून न जाता कानाच्या वाटेने पोचले. १९४९ साली जन्मलेला जो एन्ग्रेसिया जन्मांध होता आणि त्याचे स्वरज्ञान असामान्य होते. सात-आठ वर्षांचा असताना फोनवर शिट्टी घालताना त्याला आढळले की विशिष्ट उंचीचा स्वर लागला की पलीकडचा आवाज तुटतो. ज्या मुलासाठी जगाशी बोलण्याचे मुख्य साधन फोन होते, त्याने फोनचे एकेक खटकणे आणि एकेक गुणगुण अशी ऐकली की तारेच्या आवाजावरून ती कुठून कुठे जाते याचा अंदाज त्याला येऊ लागला. पुढे दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात तो शिट्टीने कॉल लावून देतो म्हणून गाजला आणि त्यासाठी त्याला शिक्षाही झाली. १९७१ मध्ये मेम्फिसमध्ये त्याला अटक झाली. नंतर त्याने ‘जॉयबबल्स’ हे नाव कायदेशीरपणे स्वीकारले. फोन फुकट करणे हे त्याचे ध्येय कधीच नव्हते. त्याला टेलिफोन कंपनीत नोकरी हवी होती. या विषयाकडे निव्वळ चोरी म्हणून पाहणाऱ्याने आधी त्याच्यापाशी थांबावे, म्हणून पहिले प्रकरण त्याच्यावर आहे.

या मंडळींना ‘फोन फ्रीक’ म्हणत. ऑक्टोबर १९७१ च्या ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबाम यांनी त्यांच्यावर लिहिलेला दीर्घ लेख आला आणि ‘ब्लू बॉक्स’ हा शब्द घरोघरी पोचला. ब्लू बॉक्स म्हणजे वर सांगितलेल्या स्वरांच्या जोड्या काढणारी हातात मावणारी पेटी. तिचे काम असे चाले. आधी फुकट असलेला लांब पल्ल्याचा नंबर लावायचा. कॉल जाऊ लागला की २,६०० हर्ट्झचा स्वर सोडायचा. पलीकडच्या एक्स्चेंजला वाटे, माणसाने फोन ठेवला, आणि ते तार नव्या नंबरासाठी मोकळी करी. स्वर थांबवला की तेच एक्स्चेंज नंबर ऐकायला कान लावी. मग पेटीतून हवा तो नंबर पाठवायचा. अलीकडच्या, बिल करणाऱ्या यंत्राच्या लेखी अजून तो जुना फुकटचा कॉलच चालू असे. या फ्रीक मंडळींतल्या जॉन ड्रेपर याचे ‘कॅप्टन क्रंच’ हे टोपणनाव ज्या खाऊच्या डब्यावरून पडले, त्या डब्यात मुलांसाठी मिळणारी शिट्टी नेमका हाच स्वर काढू शके.

‘एस्क्वायर’मधला तो लेख स्टीव्ह वॉझ्नियाक या तरुणाने वाचला. त्याने मित्राला, स्टीव्ह जॉब्सला, फोन केला आणि दोघे स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरकाच्या ग्रंथालयात शिरले. तिथे एका तांत्रिक ग्रंथात त्यांना स्वरांचे आकडे सापडले. लेख खरा होता. त्यांनी आधी बनवलेली पेटी लहरी निघाली. उष्णतेबरोबर तिचे स्वर चढत-उतरत. वॉझ्नियाकने मग स्फटिकाच्या घड्याळावर चालणारी डिजिटल पेटी रचली, आणि दोघांनी अशा पेट्या बर्कलीच्या वसतिगृहांत विकल्या. पुढे जॉब्सने मुलाखतींत सांगितले की त्या पेट्या नसत्या तर अॅपल कंपनी झाली नसती. दोन मुलांनी बनवलेली छोटी वस्तू अब्जावधी डॉलरच्या जाळ्याला हलवू शकते, हे त्यांनी तिथे स्वतः अनुभवले. घरगुती संगणक आणि फ्रीकिंग यांचा संबंध योगायोगाचा नाही, एका घरातला आहे.

आता पेटीकडून प्रोग्रॅमकडे वळू. पेटी एकच काम करते. संगणकाला स्वराची उंची आणि लांबी आकड्यांत सांगता येते, नंबर स्मरणात ठेवायला सांगता येतो, आणि ‘पुन्हा कर’ असेही सांगता येते. या तिसऱ्या गोष्टीने पुढे सगळे बदलले. १९७७ मध्ये ‘अॅपल टू’ बाजारात आला, तेव्हा त्यात वॉझ्नियाकच्या आग्रहामुळे जोडणीसाठी आठ खाचा होत्या. त्याच सुमारास ड्रेपरने अॅपलसाठी त्यांपैकी एका खाचेत बसेल असा टेलिफोनचा बोर्ड बनवला. त्याला ‘चार्ली बोर्ड’ म्हणत. तो स्वतः नंबर लावू शके आणि पलीकडून आलेले स्वर ओळखू शके. अॅपलने तो कधी विकला नाही. पण घरातला संगणक एकाच वेळी फोनचे बोट आणि कान होऊ शकतो, हे तिथे सिद्ध झाले. ड्रेपर पुढे पकडला गेला, आणि शिक्षा भोगण्याच्या काळातच त्याने ‘ईझीरायटर’ हा शब्दलेखनाचा प्रोग्रॅम लिहिला. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्यासाठी मिळणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमांत ईझीरायटर होता.

या प्रोग्रॅमांतली कारागिरी दाखवण्यासाठी दोन-तीन यंत्रांची उदाहरणे देतो. अॅपल टूच्या स्पीकरला फक्त एक ‘टक्’ करता येत असे. स्वर काढायचा तर प्रोसेसरच्या एकेका आदेशाला किती काळ लागतो ते मोजून, नेमक्या अंतराने ‘टक्’ करत राहायचे. दोन स्वर एकदम काढायचे म्हणजे तारेवरची कसरतच. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यानेस यांनी रचलेली ‘सिड’ ही ध्वनी-चिप होती आणि तिच्यात तीन स्वतंत्र आवाज होते. खेळांच्या संगीतासाठी केलेल्या त्या चिपचे दोन आवाज घेतले की टेलिफोनच्या स्वरांची जोडी तयार. टीआरएस-८० मध्ये कॅसेट रेकॉर्डरची मोटर चालू-बंद करणारा छोटा रिले होता. जुन्या डायलच्या फोनमध्ये पाचावर बोट घालून चकती सोडली की तार पाच वेळा तुटते आणि जुळते, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. तो रिले याच तालात चालू-बंद केला की संगणक नंबर ‘फिरवू’ लागे. आपण अजूनही ‘नंबर फिरवला’ म्हणतो. त्या शब्दामागची चकती इथे ‘बेसिक’ या संगणक-भाषेतल्या एका प्रोग्रॅमच्या आवर्तनात सापडते. नोव्हेशन कंपनीचा ‘अॅपल-कॅट टू’ हा मोडेम, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणारे यंत्र, तर जवळजवळ कोणताही स्वर काढू शके, त्यामुळे फ्रीक मंडळींचा तो आवडता झाला. त्याच्यासाठी लिहिलेल्या ‘फँटम अॅक्सेस’सारख्या प्रोग्रॅमांत स्वर काढणे, नंबर शोधणे आणि संकेतांक तपासणे ही कामे एकाच छत्राखाली आली.

याच वेळी मोडेमही बदलला. आधी फोनचा रिसीव्हर रबरी कपांत ठेवावा लागे आणि नंबर माणसाने लावायचा असे. कंपनीच्या तारेला परके यंत्र जोडता येईल, असा मार्ग अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निकालाने आणि त्यानंतरच्या नियमांनी मोकळा केला. १९८१ मध्ये हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला आणि संगणकाने मोडेमला लेखी हुकूम द्यायची रीत पडली. ‘एटी’ म्हणजे ‘लक्ष दे’, ‘डी’ म्हणजे ‘डायल कर’, ‘टी’ म्हणजे ‘स्वरांनी’. चार अक्षरे आणि पुढे नंबर. पलीकडे संगणक भेटला तर मोडेम ‘कनेक्ट’ असे उत्तर देई, नाहीतर ठरलेला वेळ थांबून फोन ठेवी. ज्याला बेसिकच्या चार ओळी येत होत्या, त्याला आता शहरातले सगळे नंबर लावून पाहता येत होते.

कल्पना मात्र जुनी होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘एमआयटी’च्या ‘द टेक’ या विद्यार्थी-वृत्तपत्रात बातमी आली होती की तिथल्या ‘हॅकर’ मुलांनी पीडीपी-१ हा संगणक फोनला जोडून, बाहेरची तार मिळेपर्यंत एकेक लाइन तपासण्याचा उद्योग केला. हॅकर हा शब्द त्या अर्थाने छापला गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. तेव्हा असा संगणक एखाद्या मोठ्या संस्थेलाच परवडे. वीस वर्षांनी तेच काम शाळकरी मुलाच्या खोलीत होऊ लागले.

थोडा हिशेब करू. अमेरिकेत स्थानिक नंबर सात आकडी. पहिले तीन आकडे एक्स्चेंजचे, पुढच्या चार आकड्यांत दहा हजार नंबर. एका नंबराला अर्धा मिनिट धरले तर दहा हजारांना सुमारे ८३ तास, म्हणजे साडेतीन दिवस. माणसाला हे काम वेड लावेल. यंत्र कंटाळत नाही. मुलगा शाळेत जाई, झोपे, जेवे, आणि यंत्र नंबर लावत राही. तिकडे महिन्याच्या ठराविक शुल्कात स्थानिक कॉल कितीही करता येत, म्हणून हा उद्योग तिथेच फोफावला. जिथे प्रत्येक लोकल कॉल मीटरवर पडे, तिथे तो घरच्यांच्या लगेच लक्षात आला असता. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना चिपबरोबर बिलाचा नमुनाही पाहावा लागतो, तो यासाठी.

जून १९८३ मध्ये जॉन बॅडम दिग्दर्शित ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला. त्यातला डेव्हिड लाइटमन हा मुलगा एका खेळ-कंपनीचा संगणक शोधण्यासाठी सनीव्हेलमधले नंबर आपल्या यंत्राकडून लावून घेतो आणि चुकून लष्कराच्या अण्वस्त्र-संगणकापाशी पोचतो. या चित्रपटामुळे अशा प्रोग्रॅमांना ‘वॉर डायलर’ हे नाव मिळाले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि असे खरोखर घडू शकते का, असे आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारले. पुढच्या वर्षी निघालेल्या संगणक-सुरक्षेच्या राष्ट्रीय आदेशाचा माग या प्रश्नापर्यंत जातो. त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीतल्या तरुणांचा ‘४१४’ हा गट पकडला गेला. ४१४ हा तिथला एरिया कोड. लॉस अलामोसची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्कचे स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालय यांच्या संगणकांत ते शिरले होते. पुष्कळ ठिकाणी मूळचे पासवर्ड कोणी बदललेलेच नव्हते. अशा कृत्यासाठी नेमका कायदाही नव्हता, म्हणून त्यांतल्या दोघांनी अखेर जो गुन्हा कबूल केला तो होता ‘त्रास देणारे फोन करणे’. १९८४ आणि १९८६ मध्ये अमेरिकेने संगणक-गुन्ह्यांचे कायदे केले, ते या पार्श्वभूमीवर.

या कहाणीची काळी बाजू मी झाकू इच्छित नाही. लांब पल्ल्याच्या सेवेत नव्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांच्या ग्राहकाला आधी एक स्थानिक नंबर आणि मग आपला संकेतांक दाबावा लागे. संकेतांक आखूड होते. वॉर डायलरसारखाच प्रोग्रॅम रात्रभर वेगवेगळे संकेतांक लावून पाही आणि चालणारे लिहून ठेवी. सकाळी हाती येई तो दुसऱ्या कोणाचा तरी खाते-क्रमांक असे, आणि बिल त्याच्या दारात जाई. एन्ग्रेसियाच्या शिट्टीत आणि या यादीत मोठे अंतर आहे. पहिल्याला जाळे कसे चालते हे जाणायचे होते, दुसऱ्याला ते जाणण्याची गरजच नव्हती. प्रोग्रॅमने कौशल्य वाटून टाकले आणि त्याबरोबर कौशल्य मिळवताना येणारी जाणही गाळून टाकली. इथून पुढे फ्रीकिंगचे जग पसरले, पण त्याची खोली कमी झाली.

टेलिफोन कंपनी स्वस्थ नव्हती. १९६४ ते १९७० या काळात तिने ‘ग्रीनस्टार’ या गुप्त यंत्रणेतून सुमारे ३ कोटी ३० लाख कॉल तपासले, त्यांतले लाखो ध्वनिमुद्रित केले. ही गोष्ट १९७५ मध्ये बाहेर आली. चोर शोधण्यासाठी निरपराध ग्राहकांचे बोलणे ऐकले गेले, हा त्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला वाटतो. खरा उपाय रचनेत होता. १९७६ पासून एक्स्चेंजांनी आपसांतले निरोप वेगळ्या वाहिनीवरून पाठवायला सुरुवात केली. बोलण्याची तार निराळी, हुकुमाची निराळी. जसजशी ही पद्धत पसरली, तसतशी शिट्टी निरर्थक होत गेली. आंतरराष्ट्रीय तारांवर जुनी पद्धत १९९० च्या दशकातही टिकून होती, म्हणून साउंड कार्डवर चालणारा ‘ब्लूबीप’ हा जर्मन प्रोग्रॅम इतक्या उशिरा लिहिला गेला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २,६०० हर्ट्झला उत्तर देणाऱ्या अखेरच्या तारांपैकी एक मिनेसोटातल्या वॉविना या लहानशा वस्तीत होती. ती २००६ मध्ये बदलली गेली.

तरीही दोष मेला नाही. हेजच्या मोडेमचेच पाहा. संगणक आणि मोडेम यांच्यातल्या एकाच तारेवरून पाठवायचा मजकूरही जाई आणि मोडेमला द्यायचे हुकूमही. मजकूर थांबवून हुकूम द्यायचा तर तीन अधिकचिन्हे पाठवायची. हेजने त्याच्या आधी आणि नंतर सेकंदभर शांतता सक्तीची केली आणि त्या युक्तीचे पेटंट घेतले. इतर काही उत्पादकांनी चिन्हे ठेवली, शांतता वगळली. परिणामी १९९० च्या दशकात इंटरनेटवरून एखाद्याच्या संगणकाकडे ‘तीन अधिकचिन्हे आणि फोन ठेवण्याचा हुकूम’ असा मजकूर धाडला, आणि त्याच्या संगणकाने तो रीतीप्रमाणे जशाच्या तसा परत पाठवला, की त्याचा मोडेम स्वतःच फोन ठेवून देई. २,६०० हर्ट्झची शिट्टीच ही, अक्षरांत लिहिलेली. आज एखाद्या संकेतस्थळाच्या ‘नाव लिहा’ या चौकटीत डेटाबेसचा आदेश लिहून माहिती पळवली जाते, तेव्हाही बोलणे आणि हुकूम एकाच तारेवर असतात. आणि इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावून कुठले दार उघडे आहे हे पाहणारी आजची साधने वॉर डायलरचीच नातवंडे आहेत.

हे सगळे अमेरिकेत घडले आणि तिथल्या परिस्थितीतून घडले. आपल्याकडे तेव्हा फोनच दुर्मीळ होता. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहायची, तोवर व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापायचा, परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळायचे, पुढे एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली रात्री उशिरा दर उतरण्याची रांग लावायची. शहरभर नंबर लावून पाहण्याची चैन या वास्तवात सुचणारच नव्हती. तरी एक धागा आपल्यापर्यंत येतो. १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले आणि हेजचीच ती ‘एटीडीटी’ अक्षरे मुंबई-पुण्याच्या घरांत पोचली. माझ्या पहिल्या मोडेमच्या वेळी एंगेज टोन ऐकून पुन्हा पुन्हा नंबर लावणाऱ्या प्रोग्रॅमसमोर मी मध्यरात्रीपर्यंत बसत असे. स्पीकर चालू ठेवून मी मोडेमच्या किंकाळ्या ऐकायचो, आणि हळूहळू आवाजावरूनच कळू लागले की आज जोडणी चांगली लागणार की तुटणार. यंत्र ऐकता येते, हे मला तेव्हा कळले. या पुस्तकाचे मूळ त्या रात्रींत आहे.

लिहिताना मी दोन पथ्ये पाळली. प्रोग्रॅम कसे चालत हे पूर्ण सांगितले, कारण ती यंत्रणा आता संपली आहे आणि तपशिलावाचून त्यातली बुद्धिमत्ताही दिसणार नाही, चूकही दिसणार नाही. आणि ज्यांनी टोपणनावाने लिहिले त्यांना टोपणनावानेच राहू दिले. हे प्रोग्रॅम फ्लॉपींवर आणि कॅसेटींवर होते. चुंबकीय पट्ट्या झिजतात, आणि बेकायदा वस्तू कोणी जपून ठेवत नाही. तरी काही जिद्दी संग्राहकांनी त्या वाचवल्या, आणि आज जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून त्या पुन्हा चालवून पाहता येतात. चालवल्यावर पडद्यावर ठळक अक्षरांतली फुशारकी दिसते. तिच्या मागे एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने काळजीपूर्वक मोजलेले स्वर असतात.

वाचकाने हे पुस्तक वाचताना तारेची दोन्ही टोके डोळ्यांसमोर ठेवावीत, अशी माझी विनंती आहे. अलीकडे कुतूहलाने जागा असलेला मुलगा आहे. त्याच्या यंत्राने एका शहरातले दहा हजार नंबर लावले, त्यांतल्या थोड्यांवर मोडेमचा स्वर मिळाला आणि ते यादीत गेले. उरलेले बहुतेक नंबर माणसांचे होते. रात्री घंटा वाजली. कोणी वृद्ध बाई अंथरुणातून उठून आली, कोणी परगावच्या आजारी माणसाची बातमी असेल म्हणून धडधडत्या छातीने आला. त्यांनी रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हटले. पलीकडे शांतता होती. यंत्र हव्या त्या स्वराची वाट पाहत थांबले, आणि आवाज माणसाचा आहे म्हणून त्याने तो निरुपयोगी धरून पुढचा नंबर लावला. या प्रोग्रॅमांनी ऐकण्याची कला कळसाला नेली आणि त्याच ‘हॅलो’पाशी ती अपुरी पडली. ते ज्याला उत्तर न देता पुढे गेले, त्याच्यासाठीही मी हे पुस्तक लिहिले आहे.